समुद्रचित्राचे स्नान

जुनी छापील चित्रे स्वच्छ करून देण्याचे काम मी पुष्कळ वर्षे करीत आले आहे. त्यामुळे संग्रहालयाच्या व्यवस्थापकांनी ते अ‍ॅक्वाटिंट माझ्या टेबलावर उलगडले, तेव्हा मला त्यात विशेष असे काही वाटले नाही. तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी पसरून, तो आम्लात बुडवून छापलेले आणि मागाहून हाताने रंगविलेले आमच्याच गावाचे चित्र. किनाऱ्यावरची घरे, आणि समुद्रात दूरवर गेलेला लाकडी धक्का. तो धक्का आमच्या आजीच्या लहानपणीच वादळात वाहून गेला. कागद इतका पिवळला होता की धक्क्याचे टोक दिसतही नव्हते.

अशा कागदाला तबकातल्या कोमट पाण्यात निजवतात. पाणी पिवळेपणा हळूहळू ओढून घेते. मात्र त्याआधी प्रत्येक रंगावर ओला बोळा टेकवून तो सुटत नाही ना, हे पाहावे लागते. ते मी सकाळीच चोख पाहिले होते.

दुपार ढगाळ होती. चित्र तबकात भिजत होते. माझी धाकटी बहीण तांबडी शाल पांघरून समोर बसली होती. तिचे यजमान होडी घेऊन गेले ते परतले नाहीत. तेव्हापासून ती माझ्याकडेच असे, आणि खिडकीतून समुद्राकडे पाहण्यावाचून तिला दुसरा उद्योग नव्हता.

"ताई, किती गं तो नीटनेटकेपणा! तुला बघून लाटासुद्धा ओळीनं येतील."

"येऊ देत. तू पाण्यात हात घालू नकोस, म्हणजे झालं."

ती हसली. मग तबकावर वाकली.

"ताई... टोकाला हे उभे आहेत."

"वेडी आहेस का? आपल्या पणजोबांच्या वेळचं चित्र आहे हे."

"यांची पाठ मी ओळखत नाही होय?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी टिपकागद आणायला आतल्या खोलीत गेले. परतले, तो खुर्ची रिकामी. दाराची कडी आतून लावलेली. खोलीत ओल्या लाकडाचा आणि मिठाचा वास भरला होता, आणि कुठून तरी, फार दुरून, फळ्या करकरत होत्या.

तबकातला पिवळेपणा विरघळला होता. धक्क्याच्या टोकाशी पाठमोरा पुरुष, आणि त्याच्या दिशेने चपला हातात घेऊन चाललेली एक बाई. बंदराच्या ओल्या फळ्यांवर माझी बहीण अशीच चालत असे. बाईच्या अंगावर तांबडी शाल होती.

तांबडा रंग मी तपासलेला नव्हता. सकाळी त्या चित्रात तांबडे काही नव्हतेच.

पाहता पाहता शालीच्या काठातून एक बारीक तांबडी रेघ पाण्यात सुटली.

"मागे फीर गं," मी पुटपुटले. "तुझा रंग चाललाय... ऐकतेस ना?"

"जरासं थांब ना, ताई..." पाण्याखालून यावा तसा आवाज आला. "यांनी अजून मान वळवली नाही..."

कागद पाण्यात राहू द्यावा, तर ती विरून जाणार. वर काढावा, तर तो वाळणार. आणि वाळलेल्या कागदावरून कोणी चालत परत येत नाही. मी तिला बाळपणीच्या नावाने हाक मारली. ती थांबली नाही. रेघ जाड होत गेली. तेव्हा मी वाकून, दोन्ही हात पुढे करून कागदाखाली तळवे सारले आणि तो अलगद उचलला.

बहिणीचा शोध सर्वांनी घेतला. किनारा, बंदर, दवाखाने, काही सोडले नाही. मी कोणापाशी काही बोलले नाही.

व्यवस्थापक चित्र न्यायला आले, तेव्हा ते पुरते वाळले होते. टोकाशी ती दोघे शेजारी शेजारी उभी होती. शाल किंचित फिकी. त्यांनी भिंग लावले.

"वा, रंग छान राखलेत, बाई! याच्या बऱ्याच प्रती मी इतरत्र पाहिल्यात. हे जोडपं सगळीकडे आहे. पण..." ते अडखळले. "त्या प्रतींत यांच्यामागून एक वयस्क बाई येत असते. वाकलेली, दोन्ही हात पुढे केलेले. ती इथं कशी नाही? धुताना पुसली तर नाही ना गेली?"

मी भिंग हातात घेतले. फळ्यांच्या रेषा सलग येत होत्या. त्या दोघांच्या मागे एका ठिकाणी मात्र त्या थांबत, आणि वाकलेल्या माणसाच्या आकाराची जागा सोडून पुन्हा सुरू होत. तेवढा कागद कोरा होता, शाईचा कधी स्पर्शच न झाल्यासारखा.