विझवलेली आगटी

गप्प राहण्याबद्दल माझ्या आज्याला काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. अकरा मेंढ्यांची पुढच्या उन्हाळ्याची फुकट चराई. आणि चीजच्या कढईशेजारी झोपायला उबदार फळी.

बस्स.

कुणाला ही थाप वाटेल. वाटू दे. आज्यानं हे मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा एका शब्दाचा फरक नाही. खोटं बोलताना तो फार रंगवायचा. हे मात्र कोरडं सांगायचा.

साल १९३८. ऑगस्टचा मधला आठवडा. चोर्नोहोरा डोंगराच्या वरच्या कुरणावर असं धुकं बसलं होतं, की हातातल्या काठीचं टोक दिसत नव्हतं.

वर तिघंच होते. बाकीचे दोघे घोड्यांवर चीज लादून खाली गेलेले. ओनुफ्री, साठीचा, कुरणाचा मुख्य. तनासी, रुंद खांद्यांचा, कधी एकदा मुख्य होतो असं झालेला. आणि माझा आजा लुकीन, ज्याला भांडणापेक्षा झोप प्यारी.

आमच्याकडे मेंढ्या वर चढल्या, की पहिल्या दिवशी मुख्य लाकडावर लाकूड घासून झोपडीत आगटी पेटवतो. पानगळीला खाली उतरेपर्यंत ती विझू द्यायची नाही. ज्याच्या हातून विझली, त्याच्या ताब्यात पुन्हा कोणी मेंढी देत नाही.

ओनुफ्रीची आगटी तेवीस उन्हाळे विझली नव्हती.

त्या सकाळी म्हातारा मेंढ्या बघायला बाहेर गेला. तनासीनं चीज काढून उरलेल्या पाण्याची बादली उचलली आणि आगटीवर उपडी केली.

फस्स...

फळीवर पडल्या पडल्या लुकीननं बघितलं.

"जागा आहेस?" तनासी म्हणाला.

"मी? छे. मी घोरतोय."

"घोरतच राहा. पुढच्या वर्षी मी मुख्य. तुझ्या अकराच्या अकरा फुकट चरतील. कढईशेजारची फळी तुझी."

"आणि बारावी घेतली तर?"

"तीही."

आज्यानं कूस बदलली. सौदा जमला की त्याला झोप छान लागायची.

ओनुफ्री आत आला. राखेकडे बघितलं. ओरडला नाही.

"कोणी विझवली?"

"वय झालं मामा," तनासी म्हणाला. "डोळा लागला असेल तुमचा."

म्हातारा फळीकडे वळला. "लुकीन, तू सांग. तू म्हणशील ते मी मानीन."

आजा छपराकडे बघत राहिला. "दव गळलं असेल, मामा."

म्हाताऱ्यानं राखेत बोट बुडवलं. चाटलं.

"या दवाला मेंढीची चव आहे," असं म्हणून त्यानं तनासीची गचांडी धरली.

तनासीची लांब दांड्याची कुऱ्हाड त्याच्या कानावर बसली. म्हातारा गुडघ्यांवर आला. दुसरा घाव मानेत. तो तोंडावर पडला, दोन्ही हात ओल्या राखेत रुतले, आणि बोटं बराच वेळ राख कुरतडत राहिली. तिसरा घाव गरज नसताना.

दोघांनी त्याला कड्यापर्यंत उचलून नेलं. तनासीनं खांदे धरले. आज्यानं पाय.

सोडलं. खाली आपटल्याचा आवाज यायला हवा होता...

आला नाही.

"धुक्यात पाय घसरला," तनासी म्हणाला.

"घसरला," आजा म्हणाला.

दुपारपर्यंत लाकडं घासून तनासीनं नवी आगटी पेटवली. ज्वाळा मोठ्या होत्या. पण लाकूड तडकत नव्हतं. कसलाच आवाज नाही. कुत्री झोपडीत पाऊल टाकेनात.

माणूस मेला तरी मेंढीची कास थांबत नाही. वाडग्याच्या कुंपणाला एका वेळी एक मेंढी बाहेर येईल एवढीच फट असते. बाहेर फटीपाशी बसून दूध काढायचं. आतून, मागच्या बाजूनं, एकानं मेंढ्या हाकायच्या.

"जा, मागून हाक," तनासी म्हणाला.

"या धुक्यात? मुख्य तू. तूच जा."

"भ्यालास?"

"तू नाही भ्यालास, मग जा की."

कोणीच गेलं नाही.

आणि मेंढ्या यायला लागल्या...

एकेक. रांगेत. मागून कोणी सावकाश हाकत असल्यासारख्या.

"हिर्रर्र... हिर्रर्र..."

ओनुफ्री असाच हाकायचा.

प्रत्येक मेंढीच्या पाठीवर ओल्या राखेचा पंजा उमटला होता. पाच बोटं.

"वर बघू नकोस," तनासी पुटपुटला. "खाली बघ आणि पीळ."

आज्याला मोजायची खोड. वाडग्यात एकशे चौऱ्याऐंशी होत्या. एकशे चौऱ्याऐंशी बाहेर आल्या. वाडगं रिकामं झालं.

तनासीची मान खालीच होती. सवयीनं त्यानं फटीत हात घातला आणि हाताला लागलेला पाय धरला.

थांबला.

"लुकीन," तो हळूच म्हणाला. "हिच्या पायात लोकरीचा मोजा आहे."

पुढचं क्षणात झालं. आतून कोणीतरी त्याचं मनगट धरलं आणि ओढलं. फट मेंढीच्या मापाची, तनासी दीड माणसाएवढा. आधी खांदा मोडला. मग बरगड्या, सुकी काटकी मोडावी तशा, एकेक. तो पूर्ण आत जाईपर्यंत किंचाळत होता. आज्याच्या मांडीवर बादली होती. दूध लाल झालं.

मग शांतता...

फटीच्या पलीकडून, अगदी जवळून, आवाज आला.

"लुकीन. कोणी विझवली?"

"तनासीनं, मामा. तनासीनं. मी बघितलं."

"आणि माझे पाय कोणी धरले?"

पलीकडे कोणीतरी दमून श्वास घेत होतं.

"असू दे," आवाज म्हणाला. "घाई नाही."

तिसऱ्या दिवशी खालची माणसं वर आली. तनासी वाडग्यात सापडला, गोधडी पिळून टाकावी तसा. आज्यानं कड्यावरून काय टाकलं ते कबूल केलं. माणसं दोर लावून खाली उतरली. तिथं ओनुफ्री नव्हता. आजतागायत मिळाला नाही.

आजा नव्वदीत गेला. पोटभर कुलेशा, मक्याची घट्ट लापशी, खाऊन, झोपेत. माझा बापही म्हातारा होऊनच गेला. दोघांच्या दारात कधी कोणी उभं राहिलं नाही.

मला याचीच धास्ती वाटते.

घरात आता मी आणि माझी मुलगी. यंदा ती मेंढ्या घेऊन वर जाते म्हणतेय. काल मी तिला नको म्हणालो. का, ते सांगता आलं नाही.

त्या सकाळी झोपडीत तिघं होते. दोघांचा जीव गेला. तिसऱ्याचं देणं अजून कोणी भरलेलं नाही.