मधल्या भिंतीतलं उत्तर

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठीक, नाही पटली तर हसा. दुसऱ्या कोणी सांगितली असती, तर मीही हसलो असतो.

आणि हो, अमावस्येची रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती. थंडीचे दिवस, बाहेर लख्ख ऊन. डबा खाऊन आम्ही नुकतेच कामाला लागलो होतो.

जुन्या इमारतींचं प्लास्टर दुरुस्त करणं हा आमचा धंदा. आम्ही म्हणजे मी आणि माझा मेव्हणा. घरात त्याला बारक्या म्हणतात. दारातून येताना त्याला मान वाकवावी लागते, पण लहानपणी पडलेलं नाव, ते कोण काढणार? या बहीणभावांचे आईवडील लवकर गेले. बायकोनं भावाला लेकरासारखं वाढवलं. रोज निघताना तिचं एकच पालुपद...

"अहो, बारक्याला सांभाळा."

काम होतं एका व्हिक्टोरियन काळातल्या बंगल्यात. करड्या दगडाचा बंगला, टोकदार मनोरे, भिंतीतून पुढे आलेल्या खिडक्या. खोलीखोलीत संगमरवरी शेकोटी, आणि भिंतींवर चुन्यात घडवलेली अशी वेलबुट्टी की बघत राहावं. आता तिथं हॉटेल आहे. इमारत संरक्षित, त्यामुळे साधा खिळा ठोकायचा तरी पुरातत्त्व खात्याच्या साहेबांची सही लागते. दुरुस्तीसाठी हॉटेल बंद होतं. आम्ही दोघं आणि मॅनेजरबाई, बाकी शुकशुकाट.

आम्हाला वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला एक भोक पाडायचं होतं. नळाच्या पाइपासाठी. भिंत भलतीच जाड. मला वाटलं, जुन्या भिंती असायच्याच अशा.

आता आमची पद्धत सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

ड्रिल मी चालवतो. भिंतीच्या पलीकडे बारक्या. तिकडची वेलबुट्टी फुटू नये म्हणून तो तिच्यावर फळी दाबून धरतो, फळीला टेकू लावतो आणि बाजूला होतो. मी हातोडीच्या दांड्यानं भिंतीवर दोनदा ठोकतो. म्हणजे, तयार का?

तो तीनदा ठोकतो. म्हणजे, मी बाजूला झालो, चालवा.

उत्तर आल्याशिवाय ड्रिलला हात लावायचा नाही. इतकी वर्षं हा नियम कधी मोडला नाही.

त्या दुपारीही मोडला नाही.

मी दोनदा ठोकलं.

थांबलो...

टक. टक. टक.

उत्तर आलं. स्पष्ट. जरा हळू होतं, इतकंच.

मी ड्रिल सुरू केलं. चुना, विटा, भुगा. आणि मग अचानक... काहीच नाही. समोर भिंतच नसल्यासारखा ड्रिलचा लांबलचक बिट आत सरकला. भोकातून गार हवा आली. बोटांवर झोंबली.

हवेला वास होता. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा.

पोकळी असेल म्हणून मी रेटलं. बिट पुन्हा विटांत शिरला, आणि पलीकडून बारक्या जिवाच्या आकांतानं ओरडला.

मी धावत गेलो. तो फळीला छातीनं रेटून उभा होता. दोन्ही हात फळीवर. बिट फळी फोडून त्याच्या काखेखालून बाहेर आला होता. शर्ट फाटला होता. चार बोटं इकडे असता तर...

माझं तोंड सुटलं. "गाढवा, बाजूला झाला नव्हतास तर ठोकलंस कशाला?"

"दाजी, मी ठोकलंच नाही! टेकू कुठं लावलाय अजून?"

"मग काय सासरेबुवा आले होते ठोकायला?"

नको ते बोलून गेलो. तो हसला नाही.

"तुम्ही तरी कुठं ठोकलंत?" तो म्हणाला. "मला काहीच ऐकू आलं नाही. मी वाट बघत होतो."

माझं ठोकणं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ते मध्येच कोणीतरी घेतलं होतं... आणि उत्तरही दिलं होतं.

आरडाओरडा ऐकून मॅनेजरबाई वर आल्या. फटकळ बाई, पण आधी भोकापुढे हात धरून बघितला. मग म्हणाल्या, "ही एक भिंत नाही. दोन आहेत. मध्ये बोळ आहे, माणूस अंग तिरकं करून चालेल एवढा."

"कशासाठी?"

"नोकरांसाठी. ताट नेणारा, कोळसा नेणारा माणूस मालकांच्या नजरेला पडायला नको. म्हणून ते भिंतींमधून चालायचे. आतून दोनदा ठोकायचे आणि मालकानं उत्तर दिलं की खोलीत यायचे. पुढे बोळाची दोन्ही तोंडं बुजवली."

"मग उघडून बघू की!"

"बुजवलेली तोंडंही संरक्षित आहेत," त्या म्हणाल्या. "आम्ही फक्त पाहुण्यांना सांगतो, की या खोल्यांमध्ये कोणी ठोकलं तर आतून 'या' म्हणू नका. उठा, दार उघडून बघा."

मी हसायचा प्रयत्न केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही उत्तर तर दिलं नाहीत ना?"

"नाही. मी फक्त विचारलं होतं."

तेवढ्यात...

टक. टक.

भिंतीतून. हळू. अदबीनं.

आणि बारक्यानं... हातात हातोडी, वर्षानुवर्षांची सवय. अशा वेळी हात डोक्याला विचारत नाही. त्यानं दांड्यानं तीनदा ठोकलं.

मी त्याचा हात धरेपर्यंत उशीर झाला होता.

भोकातली हवा थांबली. मेणबत्तीचा वास मात्र गेला नाही. तो आता खोलीत होता, आमच्या बाजूला.

मॅनेजरबाई एवढंच म्हणाल्या, "काम बंद करा." आणि मागे न बघता जिना उतरल्या.

मी त्याच संध्याकाळी चुन्यानं भोक बुजवलं. त्या कामावर पुन्हा गेलो नाही. बायकोला फाटक्या शर्टाचं सांगितलं, बाकीचं नाही. उगाच घाबरेल म्हणून. ती माझी मोठी चूक झाली.

कारण घरात बारक्या बदलत गेला.

मोठ्यानं हसणारा माणूस भिंतीला खेटून चालू लागला. पावलं वाजेनात. एकदा तो स्वतःच्याच खोलीच्या दाराबाहेर उभा दिसला. दोनदा ठोकून थांबलेला.

"अरे, कोणाची वाट बघतोस?"

"आतून उत्तर आलं नाही अजून," तो म्हणाला. अगदी साधेपणानं.

त्याला बरं वाटावं म्हणून मी त्याला थोडे दिवस त्याच्या मित्राकडे पाठवलं. त्याच्या खोलीला कुलूप मी स्वतः घातलं.

काल संध्याकाळी मी हिशोबाचे कागद आवरत बसलो होतो. बायको स्वयंपाकघरात होती. स्वयंपाकघराची एक भिंत बारक्याच्या खोलीला लागून आहे.

टक. टक.

बंद खोलीतून.

मी श्वास रोखून धरला. काय वाट्टेल ते झालं तरी उत्तर द्यायचं नाही...

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. उलथन्याच्या दांड्याचा.

टक. टक. टक.

मी धावलो. बायको भाजी परतत हसत होती. "तुम्हीच ना ठोकलंत? घाबरलात की काय? तुमची खूण बारक्यानं शिकवलीय मला. पूर्वी मधूनमधून तो तिकडून ठोकायचा, मी इकडून उत्तर द्यायचे."

भाजीच्या वासात तो वास होता. विझलेल्या मेणबत्तीचा.

थोड्या वेळानं बारक्याचा फोन आला. किती दिवसांनी तो खळखळून हसत होता. "दाजी, आज एकदम हलकं वाटतंय बघा! पाठीवरचं ओझं कोणीतरी काढून घेतल्यासारखं!"

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आत्ता सकाळ आहे. हे लिहीत बसलोय. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी बायको कधी दार वाजवून आत आली नाही. चालत येताना तिच्या बांगड्यांचा आवाज आधी येतो.

आज आवाज आला नाही.

ती दाराबाहेर उभी आहे. हातात चहाचा कप. दार सताड उघडं आहे, तरी तिनं चौकटीवर दोनदा ठोकलंय.

ती आत येत नाहीये. नुसती बघत उभी आहे.

चहावरची वाफ केव्हाच थांबली... आणि उत्तर द्यावं की नाही, ते मला कळत नाहीये.