बदल करणाऱ्याचं नाव

अंधेरीला सीप्झच्या निर्यात वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. एसी मशीनसाठी होता, माणसांसाठी नव्हे. मशीनच्या खोलीत स्वेटर घालून बसायचं आणि बाहेर टेबलाशी घामाने निथळायचं. मी आणि गोराईचा हेन्री एकाच प्रोग्रॅमवर होतो. एका परदेशी जहाज कंपनीचे कंटेनर कोणत्या बंदरात आहेत, हे तो प्रोग्रॅम सांगायचा. साल १९८७, महिना एप्रिल.

आमचे साहेब भाऊराव खोत. त्यांचा एकच नियम होता. प्रोग्रॅममध्ये एक अक्षर जरी बदललं, तरी अगदी वर तारीख, आपलं नाव आणि काय बदललं ते एका ओळीत लिहायचं. मशीन या ओळींकडे ढुंकूनही बघत नाही, त्या माणसांसाठी असतात. "नाव टाका, मग हात लावा," खोतसाहेब म्हणायचे. हेन्रीला या नियमाचा जाच वाटे. मला तो मनापासून आवडायचा. चूक कुणाची, यावरून तंटा उरत नसे.

पण आम्हाला तिथे राहायचंच नव्हतं. वर्षभर दर रविवारी आम्ही हेन्रीच्या ओसरीवर बसून बोरिवलीच्या एका वाचनालयासाठी कागदावर प्रोग्रॅम लिहीत होतो. लेखकाचं नाव द्या, पुस्तकाचं कपाट मिळेल. वाचनालयाने होकार दिला होता, आणखी दोघांकडून विचारणा होती. तीस तारखेला दोघांनी मिळून राजीनामे द्यायचं ठरलं होतं. ऐकून आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बाबांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती, आणि मी चालू नोकरीवर लाथ मारायला निघालो होतो. तरी मी खूश होतो. जन्मात पहिल्यांदा काहीतरी माझं स्वतःचं होणार होतं.

वीस तारखेला, सोमवारी सकाळी प्रोग्रॅम उघडला, तर वरच्या यादीत माझ्या नावाची एक ओळ जास्त होती. इंग्रजीत, पण अर्थ असा:

१४/०९/८८. सहदेव परब. बंदरांची यादी वाढवली.

"हेन्री, मस्करी कर, पण कामाच्या फाइलीत नको ना यार."

त्याने वाकून वाचलं. "मी नाय केलं रे. आयची आण."

मी ओळ पुसली. जेवून आलो, तर ती परत आली होती. तिच्याखाली आणखी तीन. ८९, ९१, ९४. सगळ्या माझ्या नावावर.

मी पासवर्ड बदलला. कपाटातून प्रोग्रॅमची जानेवारीतली नक्कल असलेली टेप काढली. तिच्यावरच्या कागदी पट्टीवर माझीच सही होती आणि पट्टी फाटलेली नव्हती. टेप मशीनवर चढवली. त्या ओळी तिच्यातही होत्या.

९४ ची ओळ मी नीट वाचली. "एप्रिल ८७ मध्ये माझ्याकडून राहिलेली चूक काढली." कोणत्या ठिकाणची, तेही लिहिलं होतं. तिथे जाऊन पाहिलं. मागच्या शुक्रवारी मीच लिहिलेली अट होती, आणि 'लहान'च्या जागी 'मोठं' झालं होतं. ही चूक कुणालाच माहीत नव्हती. मलाही नव्हती.

चूक लगेच काढली तर ९४ ची ओळ खोटी पडेल, असा मी विचार केला. काढली. वर आजची तारीख आणि नाव टाकलं.

दुसऱ्या दिवशी चूक जागेवर होती. माझी नोंद नव्हती.

आणि मग मी ते केलं, जे शहाण्याने केलं नसतं. साक्षीदार हवा म्हणून सरळ खोतसाहेबांना जाऊन सांगितलं.

त्यांनी यादी वाचली. मग म्हणाले, "चूक तुझीच ना, परब?"

"हो साहेब."

"मग ती काढ आणि खुशाल जा. आपली चूक उघडी टाकून इथून कुणी जात नाही."

मी रोज सकाळी चूक काढत होतो. रोज सकाळी ती तिथे असायची.

तीस तारखेला हेन्री पत्र घेऊन उभा राहिला. "सोड ना रे. दे पत्र आणि चल."

"चूक एकदा निघू दे. लगेच येतो."

तो यादीकडे बघत राहिला. त्याचं नाव मागच्या आठवड्यात संपत होतं. "तू नाय येणार," तो हळूच म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

मी राहिलो.

पुढच्या वर्षी चौदा सप्टेंबरला खोतसाहेबांनी बंदरांची यादी वाढवायला सांगितली. मी वाढवली. नोंद करावी लागली नाही, ती होतीच.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी बोरिवलीच्या वाचनालयात गेलो. कुणा देणगीदाराने दिलेल्या कॉम्प्युटरसमोर हेन्री बसला होता. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला. पाहुण्याला देतात तसा.

"दाखव ना आपला प्रोग्रॅम," मी म्हटलं.

"आपला?" तो हसला. त्यात खोट नव्हती. "बघ की."

वरची यादी लांबलचक होती. रविवारमागून रविवार. सगळीकडे एकच नाव, हेन्रीचं.

"सुरुवातीचं वर्ष आपण दोघं बसायचो, हेन्री. तुझ्या ओसरीवर."

"सहदेव, तू गोराईला कधी आलास?" त्याने विचारलं. अगदी काळजीने.

मी वाद घातला नाही. कांदिवलीला घरी आलो. पलंगाखालच्या ट्रंकेत त्या वर्षाचे माझे कच्चे कागद होते, पेन्सिलीने लिहिलेले. ते एकेक करून जमिनीवर मांडले. कागद माझे, खाडाखोड माझी, अक्षर माझं.

प्रत्येक कागदाच्या वर, खोतसाहेबांच्या नियमाप्रमाणे, तारीख होती. आणि पुढे, माझ्याच अक्षरात, हेन्रीचं नाव.