नव्या भट्टीची साक्ष

दोघं एकाच गाडीतून आली, पण दोन बाजूंच्या दारांनी उतरली. आत येऊन सोफ्याच्या दोन टोकांना बसली. मधे भाऊजी अडकले.

“यांना विचारा,” बायको म्हणाली.

“हिलाच विचारा,” नवरा म्हणाला.

समोरच्या खुर्चीतल्या बाई हसल्या. खासगी तपास हा त्यांचा व्यवसाय. धाकटे दीर, म्हणजे हे भाऊजी, मदतीला सतत बरोबर असत आणि त्यांचं ‘वहिनी, वहिनी’ ऐकून पक्षकारही त्यांना वहिनीच म्हणू लागले होते.

“भांडण घरातलं की बाहेरचं?”

“बाहेरचंच होतं हो,” नवऱ्याने उसासा टाकला. “हिने ते घरात आणलं.”

हळूहळू सगळं कळलं. तो काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या कंपनीत भट्टीप्रमुख होता. बायको शिक्षिका, आणि त्याच कंपनीची भागधारक. गेल्या वर्षी संचालकांनी भागधारकांना एक चित्रफीत पाठवली होती. नवी भट्टी जोरात चालू आहे, असं तीत सांगितलं होतं. ते ऐकून बायकोने आणि तिच्या शाळेतल्या मैत्रिणींनी आणखी शेअर घेतले. पुढे उघड झालं की ती भट्टी कधी पेटलीच नव्हती. भाव कोसळला. तिने आणि मैत्रिणींनी मिळून संचालकांवर खटला भरला.

“संचालक म्हणतात, भट्टीप्रमुखाने फोनवर सांगितलं म्हणून मी बोललो,” नवरा म्हणाला. “अहो, मी सांगितलं होतं, आतल्या विटांना तडे गेलेत, पेटवता यायची नाही. पण तो फोन ऐकला कुणी?”

“म्हणजे बोलताना त्यांना खरं ठाऊक होतं, हे दाखवायला हवं,” वहिनी म्हणाल्या. “नाहीतर खटला गेला.”

“आणि माझं नावही. आत्ताच घरी बसवलंय मला.”

“मैत्रिणी मला विचारतात, हे खोटं तुझ्याच घरात शिजलं का गं?” बायको म्हणाली. “तुम्ही शोधा वहिनी. यांनी खोटं सांगितलं असेल तर तेही कळू दे मला.”

वहिनींनी चित्रफीत लावली. कडक इस्त्रीचा सूट घातलेले संचालक भट्टीसमोर उभे होते. मागच्या झरोक्यातून लालभडक उजेड येत होता. “ही आपली नवी भट्टी, रात्रंदिवस धगधगते आहे!” असं म्हणून त्यांनी लेकराची पाठ थोपटावी तसं भट्टीचं लोखंडी दार थोपटलं. बोटातली अंगठी टणटण वाजली.

“किती जीव आहे बघा कंपनीवर,” भाऊजी म्हणाले.

वहिनींनी तेवढाच भाग पुन्हा पाहिला.

चित्रीकरण करणारी मुलगी तिच्या स्टुडिओत भेटली. भाऊजींनी थेट विचारलं, “भट्टी बंद होती, मग झरोक्यात आग कुठून आली?”

“मी रंगवली. संगणकावर.”

“सापडली!” भाऊजी उठून उभेच राहिले.

“बसा हो काका. साहेब म्हणाले, आग कॅमेऱ्यात फिकी आली आहे, जरा उठाव दे. मला काय माहीत? मला तर भट्टीजवळ जाऊच दिलं नाही. धग सोसणार नाही म्हणाले. मी केबिनच्या काचेआडून चित्रीकरण केलं. आवाज त्यांच्या कॉलरच्या माइकमधून आला.”

संचालक कारखान्यात भेटले. बोलणं गोड, कॉफीही चांगली. “मी हिशेबातला माणूस, वहिनी. भट्टी पेटली की नाही, ते भट्टीप्रमुख सांगेल तेच खरं मानणार.”

परतताना वाटेत जुनी, चालू भट्टी लागली. भाऊजी कुतूहलाने पुढे सरकले, तसं संचालकांनी त्यांची बाही धरून मागे ओढलं. “अहो, दारापासून लांब! मी इथे नवा आलो तेव्हा नुसता टेकलो होतो. हे बघा!” त्यांच्या तळहातावर भाजल्याचा जुना व्रण होता.

“माणूस वाईट नाही हो,” बाहेर पडताच भाऊजी म्हणाले. “मला वाचवलं. मला तर त्या मुलीचाच संशय येतो.”

“माणूस वाईट नाहीच भाऊजी. पण आज त्याने तुम्हाला वाचवलं आणि स्वतःला अडकवलं.”

सुनावणीआधी वकिलांच्या खोलीत समझोत्याची बैठक बसली. वहिनींच्या सांगण्यावरून चित्रफीत पुन्हा दाखवली गेली.

“साहेब,” वहिनींनी हळूच विचारलं, “या क्षणी भट्टी पेटलेली आहे, असं तुम्हाला मनापासून वाटत होतं?”

“शपथेवर सांगतो.”

“मग आज जुन्या भट्टीचं दार असंच थोपटून दाखवाल?”

“वेड लागलंय का मला? हात...”

त्यांनी तळहात टेबलाखाली नेला.

“हात भाजेल,” वहिनी म्हणाल्या. “हे तुम्ही एकदा भाजून शिकलात, म्हणून तर भाऊजींना मागे ओढलंत. त्या मुलीलाही धगीची भीती घालून लांब ठेवलंत, नाहीतर तिला गारवा कळला असता. स्वतः मात्र उघड्या हाताने दार थोपटलंत. हातमोजा नाही, अंगठी लोखंडावर वाजलेली ऐकू येते. झरोक्यातला लाल रंग नंतरचा, पण हा हात आणि हा आवाज त्याच क्षणाचा आहे. भट्टी गार आहे, हे कुणी फसवलेल्या माणसाला ठाऊक नसतं, साहेब. तुम्हाला होतं. भट्टीप्रमुखांनी फोनवर खरंच सांगितलं होतं.”

भाऊजींनी कपाळाला हात लावला. “मी त्याला माया समजलो!”

वहिनींनी पाण्याचा ग्लास संचालकांपुढे सरकवला. “सांगून टाका. हलकं वाटेल.”

“त्याने सांगितलं होतं,” ते पुटपुटले. “मला वाटलं, महिन्याभरात पेटेलच. तोवर कुणाला कळणार?”

त्यांच्या वकिलाने कागद आवरले आणि भरपाईचं बोलायला वेळ मागून घेतला. भट्टीप्रमुखाला कामावर परत घेण्याचं मात्र त्याने तिथल्या तिथे कबूल केलं.

बाहेर जिन्यात शाळेतल्या मैत्रिणी थांबल्या होत्या. संचालकांनी कबुली दिल्याचं कळताच असा कल्ला झाला की वरच्या मजल्यावरचे लोक डोकावले. एकीने भट्टीप्रमुखाची माफी मागितली, दुसरीने त्याला खांद्याला धरून गदागदा हलवलं.

बायको मात्र कठड्याला धरून उभी होती. मग पदराने डोळे पुसून, वर्गात विचारावं तशा आवाजात म्हणाली, “गरज पडली तर कोर्टात आमच्या बाजूने साक्ष द्याल ना?”

“देईन की,” तो म्हणाला. “पण भर कोर्टात मधे मधे माझं वाक्य दुरुस्त करायचं नाही.”

“शब्द देत नाही,” ती म्हणाली, आणि अख्खा जिना हसला.