न भरताच सुटलेली जीप

देवाची आण, वाघोबाची आण, माझ्या उरलेल्या चार दातांची आण... यातला शब्द न् शब्द खरा हाय! खोटा निघाला तर यंदाच्या पापडांना बुरशी लागो.

सत्त्याण्णव साल असंल. मुरबाडच्या स्टँडावर सुरेंद्रची काळी-पिवळी जीप कल्याणला जायला उभी. सतरा माणसं न् दोन बकऱ्या कोंबल्याशिवाय ती हलायची नाय. त्यात छाया चढली, काखेत फुटबॉल.

"ओ बाय, ते पायाशी ठेवा," सुरेंद्र बोलला.

"पायाशीच असतो तो... पण मैदानात. हितं त्याला सीट पायजे."

"मग तुमी कुठं बसणार?"

"तुमी उतरा की. मी चालवते."

सगळी जीप हसली. सुरेंद्र मात्र गिअर टाकायचाच विसरला.

छाया कल्याणला सरावाला जायची. मधल्या फळीत खेळायची. म्हणजे काय, तर आपण गोल मारायचा नाय. कोण मोकळं हाय बघायचं न् त्याला बॉल द्यायचा. पाठीला पण डोळे होते पोरीला! मुरबाडात मारलेला तिचा बॉल एकदा पार तिकडं शेणवे गावातल्या म्हशीच्या शिंगात अडकला. ती म्हैस मरेपर्यंत वाकडी चालायची.

छायाची मैत्रीण अनिता, ती त्याच जीपनं कॉलेजला जायची. रोज सकाळी सुरेंद्र पयलं काय विचारणार? "अनिता आली काय?" आली की खिडकीची जागा तिला, न् वर हातावर एक लिंबू.

रोज लिंबू! छायाला वाटलं, कळलं आपल्याला. मग छातीत कायतरी टोचलं... का टोचावं? तिचा कोण लागतो सुरेंद्र? आरशातनं तो तिच्याकडं बघायचा, तिनं बघितलं की रस्त्याकडं बघायचा. ह्याचा अर्थ काय लावायचा माणसानं?

सवयीप्रमाणं तिनं मोकळी अनिता बघितली न् दिला पास. स्टँडावर भाजी विकणाऱ्या हौसामावशीच्या, म्हणजे सुरेंद्रच्या सख्ख्या मावशीच्या कानात सांगून टाकलं, "मावशे, तुमच्या पोराला अनिता आवडते गो."

झालं! दोन्ही घरची माणसं बोलणी करायला बसली, रविवारी सुपारी फोडायची ठरली. सुरेंद्रला कळलं की जुळवलं छायानं. म्हणजे हिला मी नको, असं धरून तो मुका झाला. अनिताला तर कुणी विचारलंच नाय.

त्यातच छायाची इंडियाच्या टीममध्ये निवड झाली. आधी कॅम्प, मग परदेश. गाव नाचलं. पण सरावात तिचे पास समोरच्या टीमला जायला लागले.

कोच ओरडले, "छाया, तू कुणाकडनं खेळतेस?"

"सर... तेच कळत नाय."

शनिवारी कॅम्पाला निघायचं. ती जीपमध्ये येऊन बसली. एकटीच. न् सुरेंद्रनं जीप चालू केली.

"ओ, भरली नाय अजून!"

"दिसतंय मला."

अख्खा स्टँड बघत राह्यला. मुरबाडची जीप रिकामी सुटली! पुढं रस्त्यात टोपली घेऊन हौसामावशीनं हात केला. जीप थांबली नाय.

"मुडद्याऽऽ!" मावशी मागनं बोंबलली.

"मावशी हाय तुमची!"

"येईल दुसऱ्या जीपनं."

"डोकं फिरलंय काय? उद्या सुपारी हाय तुमची..."

"तूच फोडायला लावलीस ना?"

"मग रोज लिंबू कोण द्यायचं तिला?"

खाडकन ब्रेक लागला. "अगो, गाडी लागते तिला! पयल्याच दिवशी नव्या कव्हरावर सगळा नाश्ता काढला. खिडकी न् लिंबू नाय दिलं तर मला अख्खी जीप धुवायला लागते!"

छायाला हसू येत होतं, का रडू... तिचं तिलाच कळंना. रस्त्याकडंच्या पळसावर पोपट कलकलत होते. सुरेंद्रनं मान खाली घातली.

"छाया... तू जा. जग फिर. पण आलीस की ह्या पुढच्या सीटवर बस — माझी होऊन."

"न् खेळ सोडायला लावलात तर?"

"मी? बॉलला सीट देणारा एकटा जीपवाला हाय मी तालुक्यात!"

सुपारी फुटली नाय. सगळ्यात खुश झाली अनिता. "बरं झालं गो! जीपवाल्याच्या घरात जन्मभर लिंबू चोखत बसले असते." हौसामावशी वर्षभर बोलली नाय, मग छायाच्या हळदीला सगळ्यात मोठ्यानं गायली. छाया लग्नानंतर पण इंडियाकडनं खेळली, मधल्या फळीतच.

आता... एवढं एक खोटं हाय. 'माझी होऊन' हे सुरेंद्र बोललाच नाय. तो नुसता कोरडा आरसा पुसत बसला होता. छायाच बोलली, "मला तुमी आवडता. तुमचं काय ते सांगा, माझी गाडी चुकेल." पोरगी आधी बोलली म्हटलं असतं, तर तुमी म्हणाला असता म्हातारी थापा मारते. पण बॉल द्यायला पुढं कुणी उरलंच नव्हतं... मग मारला तिनंच गोल!