सूर्यभानच्या संपलेल्या वह्या

आपलं दुकान बंद पडलं तर समोरच्या सूर्यभानचा फायदाच फायदा होता, हे ताराने पक्कं मोजलं होतं. शाळेच्या वाटेवर वह्या-पेन्सिली विकणारा तो एकटाच उरला असता. जूनची सगळी गर्दी त्याच्याकडे वळली असती. आणि घरमालकाने तिची रिकामी जागाही त्यालाच दिली असती. तोट्याच्या बाजूला मांडायला तिला काही सापडेना. संध्याकाळी तो दारात पाणी शिंपडायचा आणि निम्मं पाणी रस्ता ओलांडून तिच्या पायरीपर्यंत यायचं, तेव्हा ती मनात म्हणायची, याला बादलीसुद्धा धड धरता येत नाही!

अमरावतीतला १९५८चा जून. मृग कोरडा गेलेला. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास दारादारांतून येत होता. ताराचे वडील मोरोपंत गुरुजी. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी हे दुकान टाकलं होतं, पण त्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि गल्ल्यावर तारा बसू लागली. तिच्या नागपूरच्या वकील भावाने, कमलाकांतने, कळवलं होतं, ‘शाळेचा हंगाम बघतो. दुकान चाललं तर ठीक, नाहीतर महिनाअखेरीस येऊन दोघांना घेऊन जातो.’

नागपूर म्हणजे काय, ते ताराला ठाऊक होतं. बाबांना व्हरांड्यातली खाट, आणि तिला दर रविवारी पाहुण्यांसमोर पोह्यांची बशी.

शाळा उघडायच्या आठवड्यात गल्लीतल्या सुंदराबाई तरातरा आल्या.

“पोरी, डझनभर वह्या दे वो. सूर्यभान म्हणते, त्याच्या संपल्या.”

“आत्ताच?”

“मले काय माईत, बाप्पा! म्हणे, समोर जा.”

आतल्या खोलीतून मोरोपंतांनी ऐकलं. “नवखा आहे. अंदाज चुकला असेल. तारा, चार डझन नेऊन दे त्याला.”

“बाबा! तो आपलं गिऱ्हाईक—”

“तो शेजारी आहे. कोणाच्या दारातलं माणूस रिकाम्या हाताने जायला नको. त्याचा माल आला की परत देईल. या रस्त्यावर असंच चालतं.”

तिने गठ्ठा कमरेवर घेतला आणि उन्हात रस्ता ओलांडला. सूर्यभान नांदगाव खंडेश्वरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. हात नांगराचे आणि बोलणं सरळसोट. तिला पायरीवर बघून तो ताडकन उभा राहिला.

“हे काय वो, ताराबाई?”

“वह्या. तुमच्या संपल्यात ना?”

“संप… हाव. संपल्या ना.”

“मग घ्या. बाबांनी पाठवल्यात.”

भलत्या वेळी दारात पाहुणा उभा राहावा, तसा तो गठ्ठ्याकडे बघत राहिला. “कायले तरास… राहू द्या.”

“का? आमच्या वह्यांना काटे आहेत?”

“काटे नाई वो… तुमी अशा समोर उभ्या राहिल्या की मले काई सुचत नाई.”

“धंदा करणाऱ्याला सुचायला हवं,” ती म्हणाली. परतताना मात्र चपलेतून पोळणारा रस्ता तिला जाणवलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत पाच गिऱ्हाइकं आली आणि पाचही जणांचं तेच, ‘समोरच्याच्या संपल्या.’ चार डझन? एका सकाळीत? तारा उठून समोर गेली. सूर्यभान शिडीवर चढून दौती काढत होता. तो उतरेपर्यंत तिने मागचा गोणपाटाचा पडदा बाजूला केला.

वह्याच वह्या! पार छतापर्यंत. आणि सगळ्यांत वर तिचे चार डझन, सुतळीसुद्धा न सोडलेले.

“या कोणाच्या?”

“…माह्या.”

“आणि संपलेल्या कोणत्या?”

तो हातातली दौत पुसू लागला. तिचा आवाज चढला. “दया दाखवता आमच्यावर? गुरुजींची पोर गल्ल्यावर बसली म्हणून?”

“दया नाई वो! मी लय मतलबी मानूस आहो.” त्याने शिडी घट्ट धरली. “दिवसभर मान वर केली की तुमी दिसता. दुकान बंद झालं तर समोर काय दिसंन? कुलूप. त्याच्याकडं पाहून कोनाचा धंदा होते, सांगा!”

ताराने पडदा सोडला, पुन्हा धरला… पुन्हा सोडला.

“असं टिकलेलं दुकान मला नको,” शेवटी ती म्हणाली. “उद्यापासून वह्या बाहेर मांडा.”

“अन् तुमी नागपूरले गेल्या तर?”

“तर थांबवायचा दुसरा उपाय शोधा. वह्यांच्या मागे किती दिवस लपणार?”

त्याने वह्या मांडल्या. निम्मं गिऱ्हाईक त्याच्याकडे वळलं. महिनाअखेरीस कमलाकांत आला, अर्धा रिकामा गल्ला बघून काही न बोलता वळकट्या बांधू लागला. तेवढ्यात धुतलेलं धोतर आणि इस्त्रीची टोपी घालून सूर्यभान रस्ता ओलांडून आला आणि मोरोपंतांसमोर हात जोडून उभा राहिला.

“गुरुजी, ताराबाईले मागनी घालाले आलो.”

“शुद्धीवर आहेस का?” कमलाकांत गरजला. “जात कोणती, बोलणं कुठलं! बाबा, हे झालं तर माझा तुमचा संबंध संपला.”

मोरोपंतांनी मुलाकडे पाहिलं… मग मुलीकडे. “तारा, तुला काय पाहिजे?”

ती म्हणाली, “मला हाच रस्ता पाहिजे, बाबा. आणि… तो समोरचा.”

“मग माझी वळकटी सोड,” मोरोपंत कमलाकांतला म्हणाले.

पुढे कधी निवांत दुपारी तारा सगळ्याची गोळाबेरीज करी. सूर्यभानला याची किंमत काय पडली? त्याची आई आशाबाई महिनाभर फुगून बसली, मग तुरीची डाळ घेऊन स्वतःच सुनेच्या दारात आली. ताराला तर मागितलं ते सगळं मिळालं. मोरोपंत लेकीजवळच राहिले. दर दिवाळीला ते नागपूरला एक पोस्टकार्ड लिहीत, आणि कोणाच्या हाती न देता, काठी टेकत, थांबत थांबत, कोपऱ्यावरच्या पेटीत स्वतः टाकून येत. नऊ वर्षांत एकाचंही उत्तर आलं नाही.

“कामात असेल गं तो,” ते म्हणत, आणि जावयाला हाक मारत, “सूर्यभान, अजून एक कार्ड दे रे.”