सातवा दरवाजा वाचला कुणी?

कन्नड गावी मावशीच्या नातवाचा अकीका, म्हणजे बारशाचं जेवण होतं. जेवणं उरकताच आमरीननं दुपारची एसटी धरली. मावशी राहा म्हणून मागं लागली होती, पण शहागंजातल्या घरी धाकटा भाऊ नोमान वाट बघत असणार, आणि आपा, म्हणजे ही थोरली बहीण, वाचायला बसल्याशिवाय तो पठ्ठ्या घास तोंडात घ्यायचा नाही.

घाटात मोटरसायकल घसरली तेव्हापासून नोमानला दिसत नव्हतं. भिंतीकडं तोंड करून पडायचा, ताट होतं तसं परत जायचं. सगळे उपाय थकले तेव्हा आमरीननं त्याच्या कपाटातली जाडजूड इंग्रजी मालिका काढली. सात खंड, एकेक खंड उशीएवढा. इल्वान नावाचा गुराखी, जादूचे सात दरवाजे आणि प्रत्येक दरवाजात काहीतरी सोडल्याशिवाय पुढं जाता येत नाही असा नियम. बावन्न दरवाजांच्या शहरातल्या पोराला दरवाजांचंच वेड लागावं, यात नवल ते काय! ती इंग्रजी वाचायची, घरच्या बोलीत सांगायची आणि इल्वान कड्याला लोंबकळत असला की थांबायची.

"पैले दोन घास. मग पुढं."

असं करत करत पोरगं जगवलं होतं तिनं. आता सातवा खंड चालू होता, आणि तो संपल्यावर याला काय भरवायचं, या काळजीनं तिचा जीव टांगणीला लागला होता.

त्या सकाळी बस गाठायच्या घाईत ती पुस्तक खुर्चीवर उघडंच टाकून निघाली होती. अम्मीला हे खपत नसे. किताब उघडी राहिली की शैतान वाचत बसतो, हे तिचं ठरलेलं वाक्य. आमरीन हसायची. शैतानाला इंग्रजी कुठं येतं, म्हणायची.

घराचा जिना चढताना वरून वाचल्याचा आवाज येत होता. नोमाननं मोबाइलवर काही लावलं असेल, असं तिला वाटलं. स्वयंपाकघरात अम्मी चहा गाळत होती. आमरीनला बघून ती दचकली.

"अगं, तू इकडं कशी? आत्ता तर आत वाचत होतीस."

"अम्मी, मी कन्नडवरून येतेय. ही काय, पर्स खांद्यालाच आहे."

"कायकू मस्करी करतीस? बस चुकली म्हणून सकाळीच परत आलीस ना? दाराआडूनच बोललीस. दिवसभर वाचतीयस. लई चांगला जेवला आज तो..."

अम्मीचा हात थांबला. आतून वाचल्याचा आवाज अजून येत होता. शांत, गोड, जराही न अडखळणारा. आणि तो आमरीनचाच होता.

भावाच्या ओढीनं आमरीननं दार ढकललं. आवाज थांबला. खोलीत ओल्या, नुकत्या खणलेल्या मातीचा वास भरला होता. नोमान पलंगावर ताठ बसला होता, गालांवर चक्क रंग आलेला. खुर्ची रिकामी होती. तिच्यावरचं पुस्तक शेवटच्या पानाशी आलं होतं.

"नोमान..."

"कोण?"

"मी रे. आमरीन."

"आपा तर इथं बसलीय." तो हसला, मग त्याचा चेहरा बदलला. आवाज एकदम बारीक झाला. "आपा... ही कोण आहे?"

"काय सांगितलं तिनं तुला? नोमान, काय वाचलं?"

"सातवा दरवाजा. तिथं इल्वानला घरचं एक माणूस सोडावं लागतं, मग जे मागेल ते मिळतं. आपानं विचारलं, तू असतास तर? मी म्हणालो, आपा तर हवी, अम्मी हवी... आता दारात जी येईल, ती सोडतो. खेळच तर होता..."

आमरीन पुस्तक मिटायला झेपावली. त्याआधीच शेवटचं पान आपोआप उलटलं. खुर्चीतून तिच्याच आवाजात एक ओळ वाचली गेली, आणि पुस्तक अलगद मिटलं.

नोमाननं डोळे चोळले. पुन्हा चोळले.

"अम्मी! अम्मी, दिसतंय मला... खिडकी दिसतीय!"

अम्मी आमरीनला बाजूला सारून आत धावली. रडत रडत तिनं लेकाचे डोळे चुंबले. मग रिकाम्या खुर्चीकडं वळून बोटं मोडून हवेतच कुणाची तरी दृष्ट काढली.

"तुझ्या वाचण्यानंच झालं गं पोरी!"

"अम्मी..." आमरीन दारातून म्हणाली. "अम्मी, मी इकडं आहे."

अम्मीनं मान वळवली. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं. तिनं डोक्यावरची ओढणी नीट केली, परक्या बाईसमोर करतात तशी, आणि अदबीनं विचारलं,

"कोण पाहिजे तुम्हाला?"